नळीतल्या निकेलचं काय झालं? मुलुंडच्या एका प्रयोगाचं प्रकरण

गेल्या पावसाळ्यात, जुलैतल्या एका रविवारी सकाळीच काकांचा फोन आला. ‘‘जेवायलाच ये. आणि येताना तुझा तो मिलिग्रॅमचा काटा घेऊन ये. बारा वॅट जास्त दिसतायत.’’

काका म्हणजे आमच्या मुलुंडच्या जुन्या बिल्डिंगमधले. चेंबूरकडच्या एका रासायनिक कारखान्यात त्यांची सगळी नोकरी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली. नाव छापू नकोस म्हणाले, म्हणून इथे नुसते काका. मी धातूंमधला माणूस. भांडुपला हीट ट्रीटमेंटचा छोटा गाळा आहे, आणि त्याआधी बरीच वर्षं पावडरपासून बुश बनवणाऱ्या कारखान्यात सिंटरिंगच्या, म्हणजे पावडर न वितळवता भाजून जोडायच्या, भट्टीवर काढली. त्यामुळे पावडर आणि भट्टी या दोन गोष्टींबद्दल कुणी काही म्हणालं की मी आधी शंका काढतो. काकांना माझा तोच उपयोग हवा होता.

प्रयोग निकेल आणि हायड्रोजनचा. सीलबंद नळीत निकेलची बारीक पावडर हायड्रोजनबरोबर तापवली की घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता मिळते, असा दावा बऱ्याच वर्षांपासून होतो आहे. त्याचं मूळ २३ मार्च १९८९ला युटा विद्यापीठातल्या फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी केलेल्या शीत संमीलनाच्या (साध्या तापमानाला अणुकेंद्रकं जुळून उष्णता मिळते, या) घोषणेत आहे. त्यांचा धातू पॅलेडियम होता. मुंबईला हे प्रकरण परकं नाही. त्याच वर्षी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, पी. के. अय्यंगार संचालक असताना, अनेक गटांनी हे प्रयोग करून पाहिले आणि त्यांचा एकत्रित अहवाल ‘बार्क-१५००’ या क्रमांकाने निघाला. काका तेव्हा तिथून हाकेच्या अंतरावर नोकरीला होते. त्यांचं वेड तेव्हापासूनचं. पुढे १९९४मध्ये इटलीतल्या फोकार्डी आणि पिआंतेली यांच्या गटाने निकेल-हायड्रोजनचा दावा मांडला. २०११मध्ये आंद्रेआ रोस्सीच्या अशाच यंत्राचं बोलोन्यात प्रात्यक्षिक झालं. २०१४मध्ये त्याच्या यंत्राच्या चाचणीचा लुगानोचा अहवाल आला आणि मग जगभर लोक गॅलरीत नळ्या तापवायला लागले. २०१९मध्ये गूगलच्या पैशावर काम केलेल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की पद्धतशीर शोधूनही जादा उष्णता सापडली नाही. काकांनी तोही लेख प्रिंट काढून, हायलाइट करून वाचलाय. माणूस भाबडा नाही, एवढं मला आधी सांगायचं आहे.

मांडणी

ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकची) नळी, २०० मिलिमीटर लांब, बाहेरून १०, आतून ६ मिलिमीटर. मधल्या बारा सेंटिमीटरवर लोहार चाळीतून आणलेली कँथलची, म्हणजे हीटरची, तार गुंडाळलेली. आत मधोमध एक ग्रॅम निकेल पावडर आणि ०.१ ग्रॅम लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड, दोन्ही मिळून सुमारे तीन सेंटिमीटर लांबीत. के टाइप थर्मोकपलचं, म्हणजे दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा जोडून केलेल्या तापमापकाचं, टोक थेट पावडरीत. दोन्ही तोंडं सिमेंटने बंद. पॉवर सप्लाय लॅमिंग्टन रोडचा, तापमान नोंदवणारा लॉगर काकांनी स्वतः जोडलेला, आणि तो लॉगर खरोखर उत्तम होता.

हायड्रोजन सिलिंडरमधून येत नाही, त्या हायड्राइडमधून येतो. ते दीडशे ते सव्वादोनशे अंशांच्या दरम्यान दोन टप्प्यांत फुटतं. ०.१ ग्रॅममधून या दोन टप्प्यांत ९० मिलिलिटरच्या जवळपास हायड्रोजन सुटतो. मागे लिथियम हायड्राइड उरतं आणि उरतं ॲल्युमिनियम. या ॲल्युमिनियमकडे कुणी बघत नाही. सगळ्यांचं लक्ष हायड्रोजनवर.

हा पदार्थ पाण्याशी भडकून उठतो, आणि आमच्या जुलैत हवेलाच पाणी सुटलेलं असतं. काका गॅलरीत पत्र्याखाली वजन करत होते. मी काट्यावर बघत उभा राहिलो. आकडा १०१ मिलिग्रॅम, मग १०२, १०४. चमच्याने कुणी काही टाकत नव्हतं. पावडर हवेतला ओलावा पीत होती आणि त्याच वेळी हायड्रोजन सोडत होती. याआधी ते ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर ‘०.१०’ मोजत होते, म्हणजे दहा टक्क्यांची चूक घरातूनच सुरू. त्या दिवशीच मी सगळं सामान गाळ्यावर हलवायला लावलं. काकूंनी त्या रविवारी मला दोनदा श्रीखंड वाढलं, त्यामागचं कारण हेच असावं. निकेलची बारीक पावडर श्वासातून आत जाणं कॅन्सरच्या दृष्टीने वाईट, हेही काकांना मास्क दाखवून सांगितलं. हा लेख वाचून घरात कुणी हे करायला घेऊ नये, एवढं इथेच लिहून टाकतो.

काकांना काय दिसलं

तीन गोष्टी दिसल्या होत्या, आणि तिन्ही वहीत तारीखवार होत्या.

पहिली गोष्ट बारा वॅटची. वीज ११० वॅटवर स्थिर, तापमान हळूहळू चढतंय, आणि ६१५ अंशांच्या आसपास ते एकदम उसळलं. पन्नासेक सेकंदांत ३८ अंश वर. मग सात मिनिटांत उतरून मूळ रेघेवर. काकांनी कॅलिब्रेशनच्या, म्हणजे किती विजेला किती तापमान दाखवणाऱ्या, आलेखावर बघितलं. ३८ अंश जास्त राहायला बारा वॅट जास्त लागतात. बारा वॅट गुणिले ४२० सेकंद, पाच हजार जूल. ‘‘एवढ्याशा पावडरीत एवढी रासायनिक ऊर्जा नसते, हे तूच मला सांगितलंयस,’’ काका म्हणाले. खरंच सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट, तीच नळी पुन्हा तापवली तर उसळी नाही. काकांच्या मते निकेलची ‘सक्रिय ठिकाणं’ संपली.

तिसरी, हजार अंशांवर साठ तास ठेवल्यानंतर त्याच विजेला आतलं तापमान ३० अंशांनी कमी दिसायला लागलं. नळी फोडून पावडर एक्सआरडीला पाठवली, म्हणजे क्ष-किरणांच्या तपासणीला. तिच्या आलेखात शिखरं कुठल्या कोनाला येतात त्यावरून अणूंची जाळी ओळखतात. अहवालात लिहून आलं की नमुना निकेलच आहे, शिखरं किंचित डावीकडे सरकली आहेत. डावीकडे सरकली म्हणजे जाळी फुगली. काकांचा निष्कर्ष तयार होता: तापमानाने निकेलची स्फटिकरचना बदलली, जाळी उघडली, हायड्रोजन आत जाऊन बसला.

निकेलची जाळी उघडते का?

निकेलचे अणू घनाच्या कोपऱ्यांवर आणि पृष्ठांच्या मध्यावर बसतात. खोलीच्या तापमानाला घनाची कड ३.५२४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग). आणि निकेलची गंमत अशी की १४५५ अंशांना वितळेपर्यंत ही मांडणी बदलतच नाही. लोखंड ९१२ला कूस बदलतं, टायटॅनियम ८८२ला, कोबाल्टही चारशेच्या पुढे बदलतो. निकेल बसल्या जागेवरून हलत नाही. हजार अंशांपर्यंत जाळी दीड टक्क्याहून थोडी जास्त प्रसरण पावते आणि थंड झाली की परत येते. एक्सआरडी तर थंड पावडरीचं काढलं होतं. तेव्हा तापमानाने फुगलेली जाळी तिथे दिसायचा प्रश्न येत नाही.

हायड्रोजन आत बसला असता तर? पॅलेडियममध्ये तो बसतो. खोलीच्या तापमानाला, साध्या दाबालाही, आणि जाळी ३.८९वरून ४.०२च्या पुढे जाते. निकेल तसं नाही. निकेलचं हायड्राइड व्हायला खोलीच्या तापमानाला हजारो वातावरणांचा दाब लागतो किंवा विजेने जबरदस्तीने हायड्रोजन कोंबावा लागतो. आणि झालंच तर जाळी सरळ ३.७२च्या आसपास उडी मारते. म्हणजे तांब्याच्या क्ष-किरणांनी काढलेल्या पॅटर्नमध्ये निकेलचं ४४.५ अंशांच्या कोनाचं मुख्य शिखर ४२पर्यंत खाली यायला हवं. काकांच्या अहवालात ते ४४.२ला होतं. एवढ्या छोट्या सरकण्याला दुसरं कुणीतरी जबाबदार होतं.

मग तापमान पावडरीत बदलतं तरी काय? जाळी सोडून जवळजवळ सगळं. काकांची पावडर कार्बोनिल जातीची होती. लुडविग माँड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८९०मध्ये शोधलं की निकेल कार्बन मोनॉक्साइडबरोबर साठेक अंशांना वायू होऊन उडतं आणि सव्वादोनशेच्या पुढे तो वायू फुटून शुद्ध निकेल मिळतं. तशी बनलेली पावडर सूक्ष्मदर्शकाखाली गुळगुळीत गोळ्यांसारखी नसते. काटेरी, साखळ्या गुंफलेली, बाभळीच्या झुडपासारखी असते. प्रत्येक काटा अगदी छोट्या स्फटिकांचा. ताज्या पावडरीच्या पॅटर्नमध्ये ४४.५च्या शिखराची रुंदी ०.४ अंश होती. त्यावरून हिशेब केला तर स्फटिकाचा आकार २१ नॅनोमीटरच्या आसपास येतो. शिखर जितकं रुंद तितका स्फटिक छोटा.

अशा पावडरीला वितळायची वाट बघावी लागत नाही. आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे. वितळबिंदू केल्विनमध्ये घ्या. त्याच्या तीन दशांशाला पृष्ठभागावरचे अणू सरकायला लागतात, आणि निम्म्याला आतले. निकेलचा वितळबिंदू १७२८ केल्विन. म्हणजे पृष्ठभाग २४५ अंश सेल्सिअसला जागा होतो आणि आतला धातू ५९०च्या सुमारास. काकांची नळी अडीचशे पार करते तेव्हाच काट्यांची टोकं बोथट होऊ लागलेली असतात. हायड्रोजन असल्यामुळे कणांवरची ऑक्साइडची पातळ सालही अडीचशे-तीनशेच्या पुढे निघून जाते, धातू धातूला भिडतो आणि कणांच्या माना जुळतात. सहाशेला दाणे वाढायला लागतात. हजारला साठ तास ठेवलं की मूळ पावडरीचं नावच शिल्लक राहतं. साठ तासांनंतरच्या पॅटर्नमध्ये शिखरं इतकी अरुंद होती की रुंदीवरून आकार काढण्यात अर्थच नव्हता. यंत्राची स्वतःची रुंदीच तेवढी असते.

म्हणून काकांना पहिला प्रश्न मी हा विचारला: ‘सक्रिय ठिकाणं’ जर त्या बारीक काट्यांवर असतील, तर ६१५ला उसळी येईपर्यंत ते काटे उरतात कुठे? काका गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘ठीक. पण उसळी आली ना?’’ आली होती. तिचा निकाल लावणं भाग होतं.

ॲल्युमिनियम

०.१ ग्रॅम हायड्राइडमध्ये ७१ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम असतं. हायड्राइड फुटून निघालेलं ॲल्युमिनियम ताजं असतं, बाजारातल्या पावडरीसारखी ऑक्साइडची साल त्यावर जमलेली नसते. ते निकेलच्या काट्यांमध्ये बसलेलं. आता निकेल आणि ॲल्युमिनियम ही जोडी फार तापट आहे. दोघांचं संयुग होताना दर मोलला ११८ किलोजूलच्या आसपास उष्णता सुटते. दोन्ही पावडरी दाबून गोळी केली आणि एका टोकाला पेटवली तर ती स्वतःच्या उष्णतेवर शेवटपर्यंत जळत जाते. याच्यावर धातुशास्त्रात एक अख्खी उत्पादनपद्धत उभी आहे. ॲल्युमिनियमच्या बाजूला ६४० अंशांना या जोडीचा पहिला द्रव तयार होतो, आणि कण बारीक असले तर प्रतिक्रिया त्याच्या आधीच सुरू होते. ६१५चा आकडा बघून माझ्या डोक्यात पहिली घंटा वाजली ती ही.

हिशेब: ७१ मिलिग्रॅम म्हणजे २.६ मिलिमोल. गुणिले ११८ किलोजूल, म्हणजे ३०० जूलहून थोडं जास्त. काकांचा आकडा पाच हजार. सोळा पटींचा फरक. हा फरक मिटल्याशिवाय ‘ॲल्युमिनियममुळे झालं’ असं म्हणणं म्हणजे काकांसारखंच आधी निष्कर्ष काढणं झालं असतं.

आधी एक्सआरडी. ज्या संस्थेत पैसे भरून काढून घेतलं होतं, त्यांचा अहवाल पुन्हा काढून बघितला. संगणकाने जुळवून दिलेलं नाव निकेल, शिखरं तीन, सगळी निकेलच्या जागांच्या अगदी जवळ. मग आलेखाच्या खालच्या अक्षाकडे लक्ष गेलं. स्कॅन ३५ अंशांपासून ८०पर्यंत होतं. घोडं तिथेच पेंड खात होतं. निकेल-ॲल्युमिनियम संयुगाचं सगळ्यात मोठं शिखर ४४.४ला येतं, म्हणजे निकेलच्या ४४.५च्या अगदी पोटात लपतं. त्याला ओळखायची खूण वेगळी, ३१ अंशांचं शिखर. शुद्ध निकेलमध्ये तिथे काहीच नसतं. आणि यांनी स्कॅनच ३५पासून सुरू केलेलं! विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘‘निकेल पावडर लिहिलं होतं तुम्ही, निकेलचं पहिलं शिखर चव्वेचाळीसला येतं, खाली कशाला वेळ घालवायचा?’’ त्यांच्या रांगेच्या दृष्टीने बरोबर असेल. आमचे दोन आठवडे आणि एका नमुन्याचे पैसे गेले.

नवी नळी भरली, उसळी येऊ दिली, ७०० अंशांना वीज बंद करून थंड केली आणि दुसरीकडे स्कॅन करून घेतलं, २०पासून ९०पर्यंत. ३१ला शिखर होतं. छोटं, पण कुणालाही दिसेल असं. मी पेन्सिलने त्याच्याभोवती गोल केला आणि कागद काकांकडे सरकवला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून कागद डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

साठ तासांच्या नमुन्याचंही नवं स्कॅन केलं. त्यात ३१चं शिखर नव्हतं. आधी मला धक्का बसला, मग उलगडलं. हजार अंशांवर साठ तासांत ॲल्युमिनियम संयुगातून निघून सगळ्या निकेलमध्ये विरघळून गेलं होतं. ॲल्युमिनियमचा अणू निकेलपेक्षा मोठा, म्हणून जाळी थोडी फुगली आणि ४४.५चं शिखर ४४.२ला आलं. काकांचा ‘आत बसलेला हायड्रोजन’ हा होता. एकच नळी ७०० अंशांना थांबवली तर एक धातू, हजारला साठ तास ठेवली तर दुसराच. वहीत दोन्हींपुढे ‘निकेल पावडर, १ ग्रॅम’ लिहिलेलं.

चुंबकानेही दुजोरा दिला. निकेल ३५५ अंशांच्या आसपास चुंबकत्व सोडतं. त्यात ॲल्युमिनियम विरघळलं की हे तापमान झपाट्याने खाली येतं. ताजी पावडर कागदाखालून चुंबक फिरवला की केसांसारखी उभी राहायची. साठ तासांचा तुकडा टेबलावर तसाच पडून राहिला, चुंबक अगदी टेकवला तेव्हा जेमतेम हलला.

हेच वापरून आम्ही थर्मोकपलही तपासला. निकेलची पूड भरलेली छोटी क्वार्ट्झची नळी काट्याच्या हुकाला टांगली, खाली चुंबक, भोवती छोटी भट्टी. वजन एकदम हलकं झालं तेव्हा काकांचा मीटर ३५५ दाखवत नव्हता. पंधरा-सोळा अंशांचा फरक. निकेलने स्वतःच सांगितलं की तुमचा मीटर खोटं बोलतोय.

पाच हजार जूल कुठून आले?

आता सोळा पटींचा प्रश्न, आणि माझ्या मते या प्रकरणातला खरा रस इथे आहे. पाणी कुठे मुरतंय ते काकांनीच शोधलं. मी फक्त बसून चहा घेत होतो.

कॅलिब्रेशन करताना ते वीज देत, अर्धा तास थांबत, तापमान स्थिर झालं की आकडा टिपत. तो आलेख स्थिर अवस्थेचा. पण उसळी ही पन्नास सेकंदांत येऊन जाणारी गोष्ट. तापलेली नळी थंड व्हायला वेळ लागतो आणि त्या वेळात आत काहीच घडत नसतं. काकांनी शिखरावरचे बारा वॅट घेऊन पूर्ण सात मिनिटांना गुणलं होतं. आलेखाखालचं क्षेत्रफळ मोजलं तर ते त्याच्या पावपटीला येत होतं.

दुसरी चूक जास्त फसवी. कॅलिब्रेशनमध्ये अख्खी बारा सेंटिमीटर तार नळी तापवते. उसळीत फक्त मधली तीन सेंटिमीटर पावडर तापली, आणि थर्मोकपल नेमका तिच्या पोटात. तीन सेंटिमीटर नळी ३८ अंशांनी तापवायला जी उष्णता लागते, ती बारा सेंटिमीटरच्या हिशेबात मोजली तर चौपट दिसणार. चार चोक सोळा. पाच हजार भागिले सोळा.

कागदावरचं बरोबर असूनही काकांनी ते मान्य केलं नाही, आणि मला ते आवडलं. ‘‘मला दाखव,’’ म्हणाले. मग दाखवलं. त्याच मापाच्या नळीत निकेलऐवजी ॲल्युमिनाची पावडर भरली आणि तिच्यात दोन भोकांच्या सिरॅमिक मण्यांमधून बारीक तारेचा छोटा हीटर बसवला. बाहेरची वीज ११० वॅट, तापमान सहाशेच्या वर स्थिर झालं, तेव्हा आतल्या हीटरला दहा वॅट तीस सेकंद दिले. ३०० जूल, काटेकोर. लॉगरवर रेघ ३४ अंश वर गेली आणि सहा-सात मिनिटांत खाली आली. काकांनी जुन्या उसळीचा आलेख ट्रेसिंग पेपरवर काढलेला होता. तो स्क्रीनवर धरला. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या नाहीत असं म्हणायला जागा नव्हती.

शेवटची तपासणीही त्यांच्याच आग्रहाने झाली. एक ग्रॅम निकेल, ७१ मिलिग्रॅम बाजारातली ॲल्युमिनियम पावडर, नळीत आर्गॉन, हायड्रोजनचा थेंबही नाही. उसळी आली. जरा उशिरा, साडेसहाशेच्या पुढे, कारण या ॲल्युमिनियमला ऑक्साइडची साल होती. पण आली.

उरलेले तीस अंश

साठ तासांनंतर तापमान कमी का दिसलं, याला दोन कारणं निघाली. नळी ओली चिंधी गुंडाळून हातोडीने हलकेच फोडली, तेव्हा आत पावडर नव्हतीच. पेन्सिलच्या शिशासारखी करडी कांडी होती. सहा मिलिमीटरच्या भोकात साडेचार मिलिमीटरची कांडी, भिंतीपासून सुटून एका बाजूला टेकलेली. सिंटरिंगने आकसली. आमच्या बुशच्या कारखान्यात हे रोजचं होतं, डायच डोळ्यांसमोर ही आकसण धरून करावी लागते. पण नळीत कांडी सुटली की भिंतीतून तिच्यात येणारी उष्णता बदलते, आणि थर्मोकपलचं टोक ज्या पावडरीत होतं ते आता मोकळ्या जागेत लोंबतंय.

दुसरं कारण थर्मोकपलमध्येच. के टाइपची एक तार निकेल-क्रोमियमची असते. ऑक्सिजन अगदी कमी असलेल्या हवेत, आठशे ते हजारच्या दरम्यान, त्यातलं क्रोमियम तेवढं आतून सडतं आणि तारेवर हिरवट थर येतो. मग ती तार कमी व्होल्टेज देते आणि मीटर तापमान कमी दाखवतो. काकांच्या तारेवर हिरवी झाक होती. खात्रीला पुन्हा तोच चुंबक. के टाइपची फक्त एक तार चुंबकाला चिकटायला हवी, क्रोमियमवाली नाही. इथे दोन्ही चिकटल्या. क्रोमियम निघून गेल्यावर मागे निकेल उरलं की असंच होतं.

पस्तीस वर्षं थर्मोकपल लावण्यात घालवलेल्या माणसाला हे कसं दिसलं नाही, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही. त्यांचे थर्मोकपल कायम स्टीलच्या म्यानात असायचे, उघडी तार हायड्रोजनमध्ये कशी वागते हे बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. लुगानोच्या अहवालात तर तापमान थर्मल कॅमेऱ्याने घेतलं होतं आणि टीकेचा मोठा भाग ॲल्युमिनाची उत्सर्जकता (तापलेला पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो) काय धरली यावर होता. चूक मोजमापात शिरते ती अशी, माणूस ज्या बाजूला हुशार असतो त्याच्या शेजारच्या दारातून.

काकांच्या वहीत आता एक नवा रकाना आहे, ‘पावडरीची अवस्था’. ताजी, सहाशे पार, सातशेला थांबवलेली, कांडी. आणि थर्मोकपल एन टाइपचा, म्हणजे वेगळ्या मिश्रधातूंच्या तारांचा, आणून म्यानात बसवलाय.

एक गोष्ट मात्र अजून वहीत तशीच आहे. सुरुवातीच्या पाच नळ्यांपैकी तिसऱ्या नळीत उसळी ६१५ला न येता ४७०ला आली होती, अर्ध्याहून छोटी. मला वाटतं त्या दिवशी हायड्राइड ओलं झालं असावं, किंवा लिथियम आणि ॲल्युमिनियमचं आपसांत काही झालं असावं. स्कॅन केलं असतं तर कळलं असतं, पण ती नळी गॅलरीतून खाली पडून फुटली आणि पावडर पावसात गेली. जमली तेवढी काकांनी चिमट्याने गोळा करून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवली आहे. बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहिलंय, ‘नळी ३, ४७०, पावसात भिजलेली’. परवा विचारत होते, एवढ्याशा पावडरीचं स्कॅन होतं का, आणि झालं तर वीस अंशांपासून सुरू करतील का.